लिहितानाचा फोटो

"बाबा, हात हलवू नका ना!" आशुतोष कॅमेऱ्यावरून डोळा न काढता ओरडला.

"नाही हलवत," जयप्रकाश म्हणाले आणि त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवलं.

कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर सकाळपासून फोटो चालले होते. जयप्रकाशांनी जन्मभर जमवलेली शाईची पेनं विकायला काढली होती. म्हातारपणी एकेक हौस सुटते, असं समजून आशुतोषही कामाला लागला होता. निबेवर चकाकी येऊ नये म्हणून त्याने खिडकीला बटर पेपर लावून उजेड मऊ केला होता. इतक्या जवळून अख्खं पेन स्पष्ट यायचं, तर लेन्सचं छिद्र बारीक ठेवायला हवं, आणि मग शटर सावकाश, म्हणजे जरा काही हललं की फोटो पुसट. स्टँडवरच्या पेनांचे फोटो झकास आले होते. आता एकच राहिला होता, लिहितानाचा.

हाही फोटो हलला. वैतागून त्याने तो स्क्रीनवर मोठा केला. कागदाचा तंतू न् तंतू दिसत होता. निबेच्या जागी नुसता सोनेरी धूर. आणि कागदावर, बाबांनी सही केली होती तिथे, एक नागमोडी रेघ.

त्याने कॅमेऱ्याआडून मान वर काढली. बाबांचा हात नुसत्या डोळ्यांनी पाहिला.

"कधीपासून होतंय हे?"

"झालं वर्ष."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो की. पेन नीट चालत नाही म्हटलं, तर तू म्हणालास, बॉलपेन वापरा."

आशुतोषला आठवलं. लॅपटॉपमधून मान वर न करताच म्हणाला होता तो. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना बॉलपेनांचं अख्खं पाकीट आणून दिलं होतं.

त्याने टेबललॅम्प पेनाजवळ ओढला, कमी वेळात जास्त उजेड टिपला जावा म्हणून आयएसओ वाढवला, शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर नेलं.

"आता धरा, बाबा. हलला तरी चालेल."

खट्.

जयप्रकाशांनी चष्मा लावून स्क्रीन पाहिली. निब लखलखत होती आणि ती धरणारी बोटं अगदी निवांत होती.

"हा तुझ्या ताईला पाठव," ते म्हणाले. "म्हणावं, हात बरा आहे. बिचारी रोज फोनवर विचारते."