थोपटणारा हात

"बाळाला थोपटताना मध्येच हात उचलून बघ गं, आवाज थांबतो का ते," मनोरुग्णालयात नेताना मोठ्या जाऊबाई माझ्या कानाशी लागल्या होत्या. असलं बोलायच्या म्हणूनच तर घरचे त्यांना दाखल करत होते. मी ते हसण्यावारी नेलं.

पण मेलं कुतूहल स्वस्थ बसू देईना. एका दुपारी बाळाला मांडीवर पालथं घेतलं, थोपटलं आणि हात उचलला.

थप, थप, थप. आवाज चालूच राहिला. झबल्याचं कापडही त्याच तालावर दबत होतं.

नवऱ्याला बोलावून दाखवलं. त्याला ना काही दिसलं, ना ऐकू आलं. "आता तूही वहिनीची री ओढू नकोस," तो म्हणाला.

तरी मी रोज हात उचलून बघत राहिले, रोज सांगत राहिले. आता जाऊबाईंच्या शेजारचीच खाट माझी आहे.

काल नवरा भेटायला आला, अगदी खुशीत. "अगं, पिल्लू हल्ली रडतच नाही! पाळण्यात ठेवलं की आपोआप झोपतं. दिवसदिवस उठत नाही बघ."

तुम्ही कुणीतरी आमच्या घरी जा हो. बाळाला एकदा उठवून बघा.