नऊ नंबरचे बूट

दाराबाहेर तीन जोड होते: केतकीचे सँडल, आईच्या चपला आणि बाबांचे नऊ नंबरचे काळे बूट. बाबांना जाऊन चौदा महिने झाले होते, तरी बुटांवर धूळ नव्हती. घरात पुरुषमाणूस आहे असं येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, म्हणून आई रोज सकाळी त्यांची जागा थोडी बदलायची.

"जिवंतपणी बेल वाजली तरी उठायचे नाहीत," आई हसून म्हणाली. "आता बघ, दिवसरात्र राखण करतात. ते बाहेर आहेत म्हणून तीन कड्यांपैकी मी एकच लावते."

केतकीने मग नाशिकला नोकरीसाठी घेतलेल्या खोलीचं सांगितलं. समोरचा माणूस तीनदा विचारून गेला होता, एकट्याच राहता का. तिने पुरुषांचे नवे बूट आणून दाराशी ठेवले, तर तो म्हणाला, "साहेब यात कधी पाय घालत नाहीत वाटतं?"

आईचा चेहरा उतरला. तिने बाबांचे बूट आत आणले. एका बुटात हात घालून ती क्षणभर तशीच बसली. मग दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून तिने केतकीच्या पिशवीत ठेवले.

"आई, आणि तू?"

"मला म्हातारीला कसली गं भीती? जा, एसटी चुकेल."

केतकी जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबली. वर दार लागलं आणि कड्या सरकल्याचे आवाज आले. तिने ते मोजले. तीन होते.