मुळांची टोकं

यंत्र रामच्या डोक्याभोवती फिरू लागलं, तशी काचेपलीकडे उभ्या हिंमतरावांच्या पाठीवरून घामाची धार उतरली. रामच्या अंगावर शिशाचं जड कापड होतं, दातांखाली प्लास्टिकचा तुकडा. हलायचं नाही, बोलायचं नाही. अनोळखी माणसाभोवती कुत्रं फिरावं तसं यंत्र गुरगुरत फिरलं आणि थांबलं.

आज राम राम नव्हता. आज तो शिवम होता. खरा शिवम, म्हणजे हिंमतरावांचा मुलगा, नांदुऱ्यात घरी कडी लावून बसला होता. सतरा वर्षांखालच्या कबड्डी संघात त्याच्याइतका चपळ गडी जिल्ह्यात नव्हता. असणार कुठून? त्याला वीस पूर्ण झाली होती. शाळेत घालतानाच हिंमतरावांनी त्याचं वय चार वर्षांनी उतरवलं होतं. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि कबड्डी मंडळानं फर्मान काढलं: प्रत्येक खेळाडूनं मलकापूरला जाऊन अक्कलदाढेचा एक्स-रे फोटो काढायचा. मुळांची टोकं उघडी, तर पोरगा लहान. बंद, तर वय चोरलेलं. सापडला तो जन्मभर बाद.

हिंमतरावांना हे कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. ते बोकडांचे व्यापारी. अंगठ्यानं ओठ वर करायचा, दात पाहायचे, वय सांगायचं. मालकानं कितीही शपथा घेतल्या तरी त्यांचा विश्वास फक्त जबड्यावर.

म्हणून शिवमच्या जागी राम आणला. शेजारच्या उत्तमरावांचा, दहावीतला. हडकुळा, ओठावर लव नाही, आवाज चिमणीचा. बसमध्ये तो दोनदा चुळबुळला.

“काका, एक सांगू काय?”

“तोंड उघडू नको बे. डॉक्टरीणबाई म्हणतीन तवाच उघड.”

डॉक्टर धम्मशीला पडद्यावर वाकल्या. त्यांचा अभ्यासच अक्कलदाढेच्या मुळांचा. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“टोकं बंद आहेत,” त्या म्हणाल्या. “चारही दाढांची. इतकी सुरेख बंद मुळं मला अजून मिळाली नव्हती. वय विशीला टेकलंय, शिवम. मंडळाला कळवावं लागेल.”

डॉक्टर दुसऱ्या खोलीत गेल्या. रामनं शिशाचं कापड काढून नीट खुंटीला अडकवलं आणि हळूच म्हणाला, “तेच तं सांगून राह्यलो होतो, काका. तुमचंच पाहून आमच्या बुढ्यानं माहं वय उतरवलं.”

हिंमतरावांचा अंगठा आपोआप रामच्या ओठाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. साऱ्या हयातीत एवढं एकच जनावर त्यांनी तोंड न पाहता घेतलं होतं.