तुवालूचं एक मिनिट

शाळेत भरवलेल्या लुटुपुटूच्या हवामान परिषदेतून चेतना टीचरना मिळवायचं होतं ते एवढंच: पर्यवेक्षिकेची खुर्ची. खुर्चीबरोबर काचेच्या दाराची छोटी केबिन आणि नववीच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांतून सुटका. जागा जूनमध्ये रिकामी होणार होती आणि ती कोणाला द्यायची हे ट्रस्टींच्या हातात होतं. ट्रस्टींचा नातू शौनक नववीतच होता. तेव्हा परिषदेत अमेरिकेच्या वतीने बोलणं शौनककडे गेलं.

चीन मानसीला मिळाला, कारण मुलुंडच्या या शाळेच्या हॉलला एसी तिच्या वडिलांनी बसवून दिले होते. असे एकेक करून मोठे देश मोठ्या घरी गेले. उरलं तुवालू. समुद्रातलं ठिपक्याएवढं बेट, पाणी चढत चाललेलं. ते भांडुपहून येणाऱ्या प्रबुद्धच्या वाट्याला आलं. त्याने कुरकुर केली नाही. उलट पंधरवडाभर डबा खातानाही तो तुवालूचं भाषण पुटपुटत होता.

परिषदेच्या दिवशी प्रमुख पाहुणे चांगला तासभर उशिरा आले आणि आल्यावर आपल्या परदेशवाऱ्यांवर बोलत राहिले. पुढे त्यांचं जेवण होतं. ट्रस्टींनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग चेतनाकडे. चेतना काय ते समजली आणि पडद्यामागे गेली.

"शौनक, तुझं भाषण आहे तेवढंच ठेव."

"टीचर, पण अमेरिका हवामान करारात आहे की बाहेर पडली? कधी आत, कधी बाहेर. मी काय बोलू?"

"तू दणकून बोल रे. आत-बाहेर कोण विचारतंय?"

"आणि मी दोन हजार साठपर्यंत सगळं शून्यावर आणणार," मानसी म्हणाली. "तेव्हा मी पन्नाशीची असेन, टीचर. मला कोण पकडणार?"

सगळे खिदळले. प्रबुद्ध भिंतीला टेकून, शर्टाचं वरचं बटण लावून उभा होता.

"प्रबुद्ध, तुला एक मिनिट."

"टीचर, माझं पाच मिनिटांचं आहे. आईपण आलीये."

"अरे, बघतोयस ना किती उशीर झालाय!"

"मग एका मिनिटात काय सांगू?"

"बुडतोय म्हणून सांग आणि बस खाली."

बोलून गेल्यावर तिला वाटलं, जरा लागट झालं की काय. पण तोवर अमेरिकेचं नाव पुकारलं गेलं होतं.

शौनक दणकून बोलला. मानसी छान बोलली. प्रत्येक देशाने धूर अर्ध्यावर आणला, शून्यावर आणला, ज्याच्या त्याच्या सोयीच्या सालात. प्रत्येक आश्वासनाला टाळ्या पडल्या. हॉल इतका गार होता की पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर खांद्यावरून ओढून घेतले होते.

मग तुवालू. शेवटच्या रांगेत प्रबुद्धची आई, शीतल, उठून उभी राहिली. जवळच्याच एका लॅबमध्ये ती रक्ताचे नमुने घ्यायची. अर्ध्या दिवसाची सुटी मागून आली होती, ओळखपत्र गळ्यातच होतं. तिने फोन वर धरला, काहीतरी दाबलं, लागलं नाही, पुन्हा दाबलं.

"अध्यक्ष महोदय," प्रबुद्ध म्हणाला, "आम्ही बुडतोय."

आणि जागेवर जाऊन बसला.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग प्रमुख पाहुणे खो खो हसत सुटले. "याला म्हणतात मुद्द्याचं बोलणं!" ट्रस्टी हसले. मग सगळा हॉल हसला. ट्रस्टींनी मान वळवून चेतनाकडे पाहिलं. अशा वेळी न हसणं शहाणपणाचं नव्हतं.

ठरावावर सगळ्या देशांनी सह्या केल्या. तुवालूनेही केली.

हॉल रिकामा होत आला तेव्हा शीतल प्रबुद्धला घेऊन पुढे आली.

"टीचर, याचं काही चुकलं का हो? घरी सगळं पाठ होतं. आजीसमोर रोज बोलायचा, तीपण कंटाळली होती. इथे विसरला वाटतं."

चेतनाने प्रबुद्धकडे पाहिलं. खरं काय ते त्याने आता सांगायला हवं होतं. तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"आजीलाच दाखवायचं होतं," शीतलने फोन पुढे केला. "चालू करेपर्यंत याचं संपलंसुद्धा. एवढंच आलंय."

फोनच्या पडद्यावर प्रबुद्ध कुठेच नव्हता. हसणारा हॉल होता. आणि स्टेजच्या पायऱ्यांपाशी, तोंडावर हातसुद्धा न ठेवता, सगळ्यांच्या वरताण हसणारी एक बाई. अंगावर चेतनाची साडी होती. हसू मात्र तिला ओळखू येईना.

"प्रबुद्ध, चल," ती घाईघाईने म्हणाली. "आत्ता बोल. पाचच्या पाच मिनिटं. आई व्हिडिओ काढेल, मी ऐकते."

प्रबुद्धने माईकवाल्याने गुंडाळायला घेतलेल्या वायरींकडे पाहिलं.

"नको टीचर. सह्या झाल्या ना."

"असं बोलतात का टीचरशी?" शीतलने त्याच्या दंडावर चापट मारली. "सॉरी हं टीचर. पुढच्या वेळी नीट तयारी करून घेईन मी त्याची."

दोघं गेली. चेतना उभीच राहिली. अमेरिकेला पदक मिळालं होतं, पाहुण्यांना शाल. 'जूनमध्ये येऊन भेटा' असं ट्रस्टी जाता जाता म्हणाले होते. कार्यक्रम अगदी वेळेत संपला होता. तो वेळ भरून दिला तुवालूने, आणि वर माफीही तुवालूच्याच आईने मागितली.