फोन बंद आहे

दर रविवारी मांडवीचे श्रीपतीअण्णा मुंबईच्या मुलासाठी ट्रंक कॉल बुक करायचे. कॉल लागेपर्यंत दुपार सरायची. पण टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर वासंती मधूनमधून रिंग द्यायची. "लाइन मिळत नाही हो अण्णा. जेवलात काय? आज भाजी कसली?" अण्णांना असं विचारणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

मग एक्स्चेंजात ऑटोमॅटिक मशीन आलं. आकडे फिरवले की मुलगा लगेच फोनवर, आणि "बरा आहे, ठेवतो" म्हणून लगेच गुलही. वासंतीला म्हणे तक्रारींच्या टेबलावर बसवलं होतं.

त्या रविवारी मुलाने फोन ठेवल्यावर अण्णांनी तक्रारीचा नंबर फिरवला.

"वासंती, आमचा फोन बंद पडलाय गो."

"अण्णा, मग हा कुठनं करताय?"

पलीकडून पूर्वीसारखा ऑपरेटर मुलींचा कलकलाट येत नव्हता, नुसती मशीनची टकटक.

"बरं, बंद म्हणून लिहून घेते," वासंती म्हणाली. "भाजी कसली केलीत?"

बोलणं बराच वेळ चाललं. ठेवता ठेवता तिनेच हळूच विचारलं,



"पुढच्या रविवारीही बंद पडेल ना हो?"