दुसऱ्या फोनवर

गाणं मध्येच थांबलं. स्क्रीनवर नेहमीची ओळ आली, 'दुसऱ्या फोनवर गाणं सुरू आहे.'

सावनी चिडली नाही. उलट तिला एकदम हलकं वाटलं. "ऐकतोय," ती स्वतःशीच म्हणाली.

गाण्यांच्या ॲपवरचं खातं देवेशदादाचं होतं. पासवर्ड त्या दोघा भावाबहिणींनाच माहीत. एका वेळी एकाच फोनवर गाणं वाजायचं, त्यामुळं पूर्वी घरात रोज भांडणं व्हायची. "ए सावने, माझं गाणं बंद पाडू नको!" दादा आतल्या खोलीतून ओरडायचा. आता तिचं गाणं बंद पडलं की तिला बरं वाटायचं. म्हणजे तो कुठंतरी आहे, आणि तिनं शोधलेलं गाणं ऐकतोय.

दिवाळीनंतर तो घर सोडून गेला होता. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष टाकून त्याला गाणी करायची होती. बाबा म्हणाले, "गाणीच करायची असतील तर या घरात नाही." तो खरंच निघून गेला. 'बरा आहे, शोधू नका,' एवढा एक मेसेज आईला आला आणि मग नंबरच बंद.

त्या खात्यात दादानं बनवलेली एक जुनी यादी होती. तिचं नाव 'ऐकच'. सावनी रोज शाळेत निघायच्या आधी त्या यादीत एक नवीन गाणं टाकायची. कधी हॉस्टेलच्या खोलीत पोरांनी रेकॉर्ड केलेलं, जेमतेम शंभरेक लोकांनी ऐकलेलं मराठी गाणं. कधी शिलाँगचा एखादा बँड. कधी भाषाच कळू नये असं कोरियन पॉप, पण पाय थांबत नाहीत असं. मधल्या सुट्टीत तेच गाणं ती वर्गात सांगायची. सगळे तिला रेडिओ म्हणायचे.

"आज कोणतं गं, रेडिओ?" आजही शालूनं डबा उघडता उघडता विचारलं होतं. "कालचं लई रडकं होतं, मां कसम!"

कालचं रडकं होतंच. काल दादाचा वाढदिवस होता.

"सावनी," आईनं गॅलरीतून हाक मारली, "बाबांची गाडी खाली दिसतेय. अजून वर कसे नाही आले? बघ बरं जरा."

बाबांचं ऑफिस औरंगपुऱ्यात. हल्ली त्यांना रोज उशीर व्हायचा. विचारलं की एकच उत्तर, "ट्रॅफिक."

ती जिना उतरून पार्किंगमध्ये आली. गाडीच्या काचा वर होत्या. बाबा सीटबेल्टसुद्धा न काढता बसले होते. आणि आत ते गाणं वाजत होतं. तिच्या फोनवर मघाशी बंद पडलेलं. आज सकाळी तिनंच टाकलेलं.

तिला आठवलं. लासूर स्टेशनला मावशीकडं जाताना दादानं गाणी लावायला बाबांच्या फोनवर आपलं खातं उघडून दिलं होतं. ते कुणी बंद केलंच नव्हतं.

म्हणजे ऐकणारा दादा नव्हता. इतके महिने नव्हता.

बाबांनी तिला पाहिलं. गडबडीनं आवाज कमी केला. मग शेजारचं दार उघडलं. "बस."

ती बसली.

"आईला इतक्यात सांगू नको," बाबा म्हणाले. "देवेश यात रोज एक गाणं टाकतो. रोज सकाळी. एक दिवस चुकवत नाही पोरगा." त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला. "मला यातलं निम्मं कळत नाही. पण कालचं फार उदास होतं गं. त्याला बरं नसेल का?"

बाबा, ते मी टाकते. एवढंच म्हणायचं होतं. भरल्या वर्गात न घाबरता बोलणाऱ्या रेडिओला ते जमलं नाही.

"तुम्ही पण टाका ना एखादं त्याच्यासाठी," ती कसंबसं म्हणाली.

"मला कुठं येतं? मला दाबून नुसतं ऐकता येतं." बाबा तिच्याकडं वळले. "उद्या टाकेल ना तो?"

"टाकेल, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा अंगठा स्क्रीनवर अडकून राहिला. कालपर्यंत ती दादासाठी गाणं निवडत होती. आज दादा होऊन निवडायचं होतं. उड्या मारणारं टाकलं तर बाबा म्हणतील, मजेत आहे. उदास टाकलं तर त्यांना झोप लागणार नाही. दोन्ही खोटंच. तिनं फोन दप्तराखाली ठेवून दिला.

"आज कोणतं?" शालूनं विचारलं.

"आज नाही."

"का गं? बॅटरी उतरली का रेडिओची?"

सावनी हसली नाही. तिनं ठरवलं होतं. संध्याकाळी बाबांना खरं सांगायचं. यादीत काही आलं नाही म्हणून ते काळजीत पडायच्या आत.

ती पार्किंगमध्ये जाऊन थांबली. गाडी आली. ती दार उघडून आत बसली. "बाबा, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"सांग. पण आधी हे ऐक."

त्यांनी फोन तिच्यापुढं धरला. यादीच्या शेवटी एक नवीन गाणं होतं. गाणाऱ्याचं नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं. नुसती गिटार, आणि मागं कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी.

तिनं ते टाकलं नव्हतं. बाबांना टाकता येत नव्हतं.

"सकाळपासून वाट बघत होतो. दुपारी आलं," बाबा म्हणाले. "उशिरा का होईना, टाकलं त्यानं. तू काय सांगत होतीस?"

सावनीनं आवाज थोडा वाढवला.

"हेच, बाबा," ती म्हणाली. "हे त्यानंच टाकलंय."