शनिवारची रांग

फादर नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा बिशपांनी एकच अट घातली. निवडून आलात, तर चर्चची सेवा सोडावी लागेल. फादरांनी ती हसत मान्य केली. विजयाची तर त्यांना खात्रीच होती. दुसऱ्या वस्त्यांत कुणी ‘देवाच्या माणसाला गटारातलं काय कळणार’ म्हणून तोंडावर दार लावलं, तर कुणी ‘निदान हा खाणार तरी नाही’ म्हणून चहा पाजला. चर्चच्या गल्लीत मात्र घरोघरी एकच उत्तर मिळालं, “मत तुम्हालाच, फादर. हे काय विचारणं झालं?”

फादर पडले. इतर केंद्रांवर त्यांना बऱ्यापैकी मतं होती. सपाटून मार बसला तो नेमका चर्चच्या गल्लीत.

शनिवारी ते पापनिवेदन ऐकायला नेहमीच्या जागी बसले. जाळीपलीकडे बेकरीवाल्या मावशींनी गुडघे टेकले.

“फादर, मी खोटं बोलले. तुम्हाला मत देते म्हणाले आणि दिलं नाही.”

“का हो, मावशी?”

“माझं बारा वर्षांचं सगळं तुम्हाला ठाऊक. नव्या माणसापुढे पहिल्यापासून कोण सांगत बसणार?”

मावशींना प्रायश्चित्त सांगून फादरांनी पडदा जरासा बाजूला केला. रांग पार दाराबाहेर गेली होती. त्यांच्या प्रचाराची सगळी धुरा वाहिलेला शिंपी पुढच्या माणसाला हळूच म्हणत होता, “मला आधी जाऊ दे रे. माझं तुझ्यापेक्षा मोठं आहे.”